सोमवारची संध्याकाळ घरात कशी बसवायची

आमच्या सैपाकखोलीच्या दाराशेजारी भिंतीवर एक फळी टांगलेली आहे. जुन्या दाराची, सागाची. तिला पाच खिळे ठोकले आहेत आणि प्रत्येक खिळ्यावर पांढऱ्या रंगानं एकेक शब्द लिहिला आहे: प्रार्थना, गाणं, गोष्ट, खेळ, खाऊ. खिळ्यांना पाच बिल्ले अडकवलेले असतात, घरातल्या पाच माणसांचे. दर सोमवारी प्रत्येक बिल्ला एक खिळा पुढे सरकतो. ज्याच्या वाट्याला जे येईल, ते त्यानं त्या संध्याकाळी करायचं. ही फळी तुमच्या घरी कशी लावायची, ते सांगते.

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात राहते. त्याआधी अकरा वर्षं हैदराबादला नर्सची नोकरी केली. तिथंच मी या मंडळीत आले, जिला लोक मॉर्मन चर्च म्हणतात. खरं नाव लांब आहे: द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. १८३० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी ती स्थापन केली आणि त्याच वर्षी छापलेल्या 'मॉर्मनचं पुस्तक' या ग्रंथावरून बाहेरच्यांनी आम्हाला मॉर्मन हे नाव दिलं. नावात येशू आहे, म्हणून पूर्ण नाव घ्या, असं २०१८ पासून मंडळी आग्रहानं सांगते. इथं ओळख पटावी म्हणून मी मॉर्मन लिहिलं.

२०१८ सालीच सासरे गेले. पाच एकर कोरडवाहू, घरात आई एकट्या (सासूबाईंना मी आईच म्हणते), म्हणून आम्ही चौघं गावी परतलो. या धर्माची गावात मी एकटी. नवरा हैदराबादला सभेला माझ्यासोबत यायचा, पण त्यानं बाप्तिस्मा घेतला नाही. आई संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जातात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव त्यांच्या तोंडी असतं. अशा घरात माझा धर्म कसा टिकवायचा हा माझा प्रश्न होता. तुमच्यापैकी ज्यांची मंडळीची शाखा दूर राहिली आणि घर गावात आहे, त्यांचा हाच प्रश्न असणार. आणि तुम्ही या मंडळीतले नसाल तरी हे वाचा. यातलं काहीही करायला कोणाची परवानगी लागत नाही.

आधी हे सांगते की तिथं माझं मन का लागलं, कारण त्यावरच पुढचं सगळं उभं आहे. मोठी मुलगी झाली तेव्हा सासर-माहेर दोन्ही पाचशे किलोमीटरवर. नवरा ड्यूटीवर. शेजारच्या अक्का या मंडळीतल्या. त्यांनी बायकांच्या संघात शब्द टाकला आणि दहा दिवस दोन्ही वेळचा डबा आमच्या दारात आला, रोज वेगळ्या घरचा. मी तेव्हा सदस्यही नव्हते. रिलीफ सोसायटी म्हणतात त्या संघाला, १८४२ पासून चालत आलेला, आणि त्याच्या पहिल्या अध्यक्ष एमा स्मिथ, जोसेफ स्मिथ यांच्या पत्नी. पुढं मी सदस्य झाले आणि महिन्याभरात मला काम मिळालं: लहान मुलांना गाणी शिकवायची. मी घाबरले. चार माणसांत कधी तोंड उघडलं नव्हतं. पण तिथं पगारी पाद्री नसतोच. बिशप दिवसभर आपली नोकरी करतो आणि रविवारी बिनपगारी मंडळी सांभाळतो, भाषण तुमच्या-माझ्यासारखे देतात, बारा-तेरा वर्षांची पोरंसुद्धा. प्रत्येकाच्या हाती काहीतरी काम. मला त्या धर्मात सगळ्यात जास्त आवडलं ते हेच, की तिथं कोणी नुसतं बसून राहत नाही. २०१२ च्या मे महिन्यात हैदराबादला देशातला पहिला 'स्टेक' झाला, म्हणजे अनेक शाखांचा मिळून एक मोठा गट. स्टेक म्हणजे तंबूचा खुंटा, यशयाच्या पुस्तकातला. त्या दिवशी मला वाटलं, आपण पण त्या दोरीचा एक पीळ आहोत.

गावात आल्यावर खुंटा राहिला तिकडं. मग घरातच रोवायचा ठरवला.

सोमवारची घरसंध्याकाळ माझी कल्पना नाही. १९१५ साली मंडळीचे तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांनी सगळ्या घरांना सांगितलं की एक संध्याकाळ फक्त घरच्यांसाठी राखा. १९७० पासून सोमवार ठरला, आणि त्या संध्याकाळी चर्चची कुठलीही बैठक ठेवत नाहीत. सहसा प्रार्थनेनं सुरुवात, एखादं गाणं, थोडी शिकवण, मग खेळ आणि खाऊ.

वेळ

पहिले काही महिने मी वाया घालवले, आणि ते सगळे माझ्याच चुकीनं. मी सात वाजता सगळ्यांना बसवायची. सात म्हणजे आईंच्या प्रार्थनेची वेळ. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या उठून चप्पल घालून निघून जायच्या. माझ्या देवासाठी मी त्यांचा देव अडवत होते, हे कळायला मला चार महिने लागले. आता आम्ही त्या परत आल्यावर, आठाच्या सुमारास बसतो. घरात दोन प्रकारची भक्ती असेल तर आधी जुनी भक्ती होऊ द्या, तुमची नंतर बसवा.

सोमवार तुमच्या गावचा बाजाराचा दिवस असेल, किंवा मोटारीच्या लाइनची पाळी त्या रात्री येत असेल, तर मंगळवार धरा. वार महत्त्वाचा नाही, पण एकदा धरला की बदलू नका. श्रावणात आईंचा सोमवार असतो. तेव्हा आमच्याकडे खाऊ म्हणजे सगळ्यांनाच भगर नाहीतर साबुदाण्याची उसळ. पोरांना तोच महिना सगळ्यात आवडतो.

किती वेळ? पाऊण तासाच्या वर जाऊ नका. मी सुरुवातीला तासभर बोलायची, ग्रंथातले उतारे वाचून दाखवायची. धाकटा माझ्या मांडीवर झोपायचा आणि नवरा दाराकडे बघत बसायचा. शिकवण दहा मिनिटांची पुरते. कापूस वेचणीच्या दिवसांत तर वीसच मिनिटं: प्रार्थना, एक गाणं, मूठभर फुटाणे आणि झोप. पण वेचणी आहे म्हणून सोमवार सोडायचा नाही. एकदा सोडला की पुढच्या वेळी कोणी बसत नाही.

फळी

फळी नवऱ्यानं केली. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचे बिल्ले कापले, वर भोक पाडून सुतळी ओवली. आईंना वाचता येत नाही, म्हणून बिल्ल्यावर नावं लिहिली नाहीत, चित्रं काढली. आईंची तुळस, नवऱ्याचा बैल, मोठीची सायकल, धाकट्याची चिमणी, माझा कंदील. चित्र ज्याचं त्यानं निवडावं, हे महत्त्वाचं. मी आईंसाठी आधी देवघर काढलं होतं, त्या म्हणाल्या, 'मले तुयस दे.'

खिळ्यावर आलेलं काम दुसऱ्याला द्यायचं नाही, हा एकच नियम कडक ठेवा. धाकटा सहा वर्षांचा असताना त्याच्यावर प्रार्थना आली. तो म्हणाला, 'देवा, बाबाची मोटर जळू नको देऊ. आमेन.' झाली प्रार्थना. कोणी दुरुस्त केली नाही. आणि खरं सांगते, त्या हंगामात याहून मोठी प्रार्थना आमच्या घरात नव्हतीच.

आई आपल्या पाळीला हात जोडून त्यांच्याच पद्धतीनं म्हणतात. शेवटी आमेन म्हणा असं मी त्यांना कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही. तुमच्या घरात कोणी या धर्माचं नसेल तर ही गोष्ट गाठीला बांधून ठेवा. ही संध्याकाळ कोणाला आपल्या बाजूला ओढण्यासाठी नाही. तसा वास जरी आला, तरी लोक उठून जातील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

गोष्ट

हा खिळा सगळ्यांत अवघड. माझ्या पाळीला मी येशूचा एखादा दाखला सांगते. पुस्तकं मी इंग्रजीत वाचते आणि घरात आपल्या बोलीत सांगते. वाचून दाखवू नका, सांगा. पेरणाऱ्याचा दाखला सांगितला तेव्हाची गंमत अजून आठवते. एक शेतकरी बी पेरायला निघाला, काही बी वाटेवर पडलं ते पाखरांनी खाल्लं, काही खडकाळीवर पडलं ते उगवलं आणि करपलं, एवढं सांगितलं आणि आईंनी मला थांबवलं.

'असा कसा वं हा पेरनारा? पांदनीत बी टाकते काय कोनी?'

मी म्हटलं, हाताने फेकून पेरायची पद्धत आहे त्यांच्याकडची, सरत्यानं नाही.

'तरीबी. मूठ ढिल्ली असन त्याची.'

मग नवरा बोलला, जो आजवर गप्प बसायचा. म्हणाला, खडकाळीवरचं आधी उगवतं हे मात्र खरं, आपल्या वरच्या तुकड्यात पहिल्या पावसानंतर सोयाबीन किती लवकर वर आलं होतं, आणि मग उघडीप पडली तर सगळं गेलं. त्या वर्षीच्या दुबार पेरणीची गोष्ट निघाली, बियाणं उधार कोणी दिलं ते निघालं, आणि पोरं डोळे मोठे करून ऐकत बसली. त्यांना माहीतच नव्हतं की त्यांच्या बाबानं एका महिन्यात दोनदा पेरलं होतं. माझा दाखला अर्धाच राहिला. पण ती संध्याकाळ आतापर्यंतची सगळ्यांत चांगली. म्हणून सांगते, तुमची गोष्ट मध्येच कोणी तोडली तर तुटू द्या.

आई पहिले सहा महिने 'खाऊ'च्या खिळ्यावरून हलायलाच तयार नव्हत्या. 'मले काय गोष्टी येते.' मग एकदा मोठीनं विचारलं, आजी, दुष्काळ म्हणजे काय? आणि त्यांनी बहात्तरचा दुष्काळ सांगितला. नव्या नवरी होत्या तेव्हा. कामावर माती वाहायची, हाताला मजुरी आणि पोटाला मिलोची लाल ज्वारी, तिची भाकर फुटायची म्हणून गरम पाण्यात पीठ भिजवायच्या. दीड तास गेला. त्यानंतर त्यांचा बिल्ला नियमानं फिरतो.

चहाचं काय करायचं

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. १८३३ सालच्या फेब्रुवारीत ओहायोतल्या कर्टलंड गावी आलेलं एक वचन आम्ही पाळतो: दारू नाही, तंबाखू नाही, चहा-कॉफी नाही. त्याच वचनात धान्य, फळं, भाज्या आनंदानं खा आणि मांस जपून खा असंही आहे, ते लोक विसरतात. दारूचं आमच्या वर्धा जिल्ह्यात कोणी नवल करत नाही, जिल्ह्यात कागदोपत्री बंदीच आहे. पण चहा! आपल्याकडे चहा नाकारला म्हणजे माणूस नाकारला.

पहिल्या महिन्यातच शेजारच्या काकी दुखावल्या. 'काऊन वो, आमच्या घरचा च्या चालत नाई का तुले?' मी नुसतं 'नको' म्हणून उठले होते, ती चूक झाली. आता असं करते: घरात शिरतानाच, चूल पेटायच्या आधी सांगते. 'काकी, मी कोनाच्याच घरी च्या घेत नाई, माह्या घरीबी नाई. मले ग्लासभर पानी द्या अन् बसू द्या.' आणि मग खरंच बसते. बाकीच्यांचे कप रिकामे होईपर्यंत उठायचं नाही. चहा न घेतल्यानं माणूस दुखावत नाही, लवकर उठल्यानं दुखावतो. काकी आता माझ्यासाठी पातेल्यात पत्ती टाकायच्या आधी एक कप बाजूला काढतात, गवती चहा, आलं आणि गुळाचा. गवती चहा नावालाच चहा आहे, गवतच ते, चालतं. माझ्या परसात त्याचे दोन बेटं आहेत, मी काकींनाही एक लावून दिलं.

खर्ऱ्याचं, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीचं, सांगायला मला जड जातं. नर्स म्हणून मी अशी तोंडं पाहिली आहेत जी दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाहीत. नवऱ्याला मी पहिली दोन वर्षं रोज बोलले. काही फरक नाही. मग फळीपाशी एकच मागितलं: सोमवारी आठ ते नऊ, पुडी खिशात नको, बाहेर ओट्यावर ठेव. ते त्यानं मान्य केलं. पुढं सोमवारचा अख्खा दिवस झाला. आज दिवसाला एक घोटतो, आधी सहा-सात व्हायचे. सुटलेला नाही. तुमच्या घरातही एका तासापासूनच सुरू करा.

उपासाचा रविवार

महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सलग दोन जेवणं सोडतो आणि त्या जेवणांची किंमत गरजूंसाठी देतो. उपास आपल्याला नवा नाही, पण हा उपास फराळाचा नाही, आणि वाचलेलं दुसऱ्याच्या ताटात गेलं पाहिजे, हे मला फार पटलं. पैसे मी शाखेला पाठवते. शिवाय घरात एक डबा ठेवला आहे: दोन जेवणांचं पीठ आणि तुरीची डाळ मापून त्यात टाकायची. भरला की जिथं गरज असेल तिथं, गाजावाजा न करता, शक्यतो पोरांच्या हातानं पोचवायची. आईंना शुगर आहे, त्यांना यात घेत नाही. गरोदर बाई, आजारी माणूस, लहान मूल, यांनी करायचाच नाही. आणि नियमात पाणीही सोडतात, पण आपल्या मे महिन्यात ४५ अंशांत शेतातून आलेल्या माणसानं पाणी प्यावं, हे मी नर्स म्हणून सांगते.

रविवारची प्रभुभोजनाची विधी (येशूच्या आठवणीत भाकर आणि पाणी घेण्याची) मात्र घरी स्वतःच्या मनानं करू नका. त्यासाठी याजकपद, म्हणजे विधी करण्याचा अधिकार, असलेला पुरुष लागतो आणि शाखाध्यक्षांची किंवा बिशपची परवानगी लागते. माझ्या घरात ते नाही, म्हणून मी तीन-चार महिन्यांतून एकदा सेवाग्रामहून रात्रीची गाडी धरून हैदराबादला जाते. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीहून, मंडळीच्या मुख्यालयातून, सर्वसाधारण परिषद दाखवतात, तिकडं सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. फोनवर नेटवर्क मिळालं तर छतावर बसून ऐकते.

नावांची वही

दर महिन्याच्या शेवटच्या सोमवारी आम्ही खेळाच्या जागी वही काढतो. या मंडळीत पूर्वजांची नावं शोधण्याला फार मान आहे. कुटुंब मरणानंतरही बांधलेलं राहतं असा आमचा विश्वास आहे, आणि ज्याला बांधायचं त्याचं नाव तरी माहीत हवं. फॅमिलीसर्च ही त्यांची फुकट सोय आहे, फोनवरही चालते. याच कामातून त्यांनी १९७७ पासून हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही फोटो काढून ठेवले. पण सुरुवात कागदावर करा. मधोमध मुलांची नावं, वर आईबाप, त्यांच्या वर चार, त्यांच्या वर आठ. चार पिढ्या. पेन्सिलीनं लिहा, पेननं नाही, कारण म्हातारी माणसं दर वेळी एक नाव बदलतात.

पुरुषांची नावं लवकर सापडतात. सातबारा, जुने फेरफार, कोतवाल पंजी (गावची जन्ममृत्यूची नोंदवही), शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. तहसीलमध्ये नक्कल मागायला जाताना गावाचं जुनं नाव आणि मौजा नीट लिहून न्या, नाहीतर एक चक्कर फुकट जाते. बायकांची नावं मात्र या कागदांत बसत नाहीत. आमच्या वहीत आठ खणांपैकी तीन बायकांचे खण दोन वर्षं रिकामे होते. आईंच्या सासूचं लग्नानंतरचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. माहेरचं नाव? आई गप्प. मग म्हणाल्या, 'आमी त्याईले आत्याच म्हनो. नाव घेतलंच नाई कधी कोनी.'

अशा वेळी कागद सोडा आणि माणसं धरा. जात्यावरच्या ओव्या विचारा, त्यात माहेरच्या गावाचं नाव असतं. कोणाचं बाळंतपण कुठं झालं ते विचारा. घरातली जुनी भांडी पालथी करून पाहा: आमच्या एका पितळी गुंडाच्या काठावर नाव कोरलेलं होतं, चिंचेनं घासल्यावर अक्षरं उमटली, आणि त्यावर पणजीच्या भावाचं नाव आणि गाव निघालं. आंदणात आलेला गुंड होता तो. ज्या संध्याकाळी धाकट्यानं ते अक्षर-अक्षर लावून वाचलं, त्या संध्याकाळी आईंनी भांडं मांडीवर घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

एक सांभाळा. आमच्यात पूर्वजांच्या वतीनं मंडळीच्या मंदिरात बाप्तिस्मा घेण्याची विधी आहे. नवऱ्याकडच्या घराण्याचं एकही नाव मी त्यासाठी पाठवलेलं नाही. गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्या माणसासाठी जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी लागते हा मंडळीचाच नियम आहे, पण माझ्यासाठी त्याच्या आधी आई आहेत. ही नावं त्यांची आहेत. वही घरात राहते, ट्रंकेत, त्यांच्या लग्नाच्या लुगड्याखाली.

गुंडावरचं गाव देवळी तालुक्यात आहे. कापूस निघाला की आई, मी आणि धाकटा जाणार आहोत. पेन्सिल आणि खोडरबर आईंनी आत्ताच पिशवीत टाकून ठेवलं आहे.